बारा तारखेच्या आतली माणसं

"बारा तारखेनंतर जन्मलेले तेवढे अडतात," गौरी म्हणाली. "बाकीचे सरळ आत जातात."

वामनरावांनी चष्मा कपाळावर ढकलला. नेरमधलं त्यांचं वधूवर सूचक मंडळ नव्या कॉम्प्युटरवर चढत होतं आणि सकाळपासून जन्मतारखांपाशी गाडी अडली होती.

"मंग अडलेले सुधरव."

"अडलेले बरोबर आहेत, काका. आत गेलेले चुकलेत."

मशीन आधी महिना वाचतं, मग दिवस. तेरावा महिना नसतोच, म्हणून तिथे ते बोंब मारतं. पाच ऑगस्टचा मात्र मुकाट्याने आठ मे करून ठेवतं. गौरीच्या आधी कामाला असलेल्या मुलाने गेल्या साली जुन्या मशीनवरही सगळी माहिती अशीच भरली होती, आणि पत्रिका त्याच तारखांवर जुळवल्या होत्या.

वामनरावांनी खुर्ची जवळ ओढली. "त्यातले लगन किती लागले?"

"एकच." गौरीने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोराचं नाव?"

तिने पडदाच त्यांच्याकडे फिरवला.

"पियूष," त्यांनी वाचलं, आणि त्यांना आठवलं. कापूस मातीमोल झाला तेव्हापासून शेतकऱ्याच्या पोराला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. या मुलीचा बापही अडून बसलेला. एकोणतीस गुण पाहिले तेव्हा कुठे विरघळला.

"खरे किती जुळते?"

"साडेसहा."

"अरे बाप्पा! छत्तीसातले साडेसहा?" वामनराव हळहळले. "गुंजन नाव होतं पोरीचं. बापच यायचा, पोरगी मी पाह्यली नाही. आता लग्नात नाव बदललं असंल, समोर आली तरी वळखू यायची नाही."

"राहू द्या ना, काका. सुखात असतील."

"तुले काय ठाऊक?"

गौरी उगाच कळफलक पुसू लागली. "यंदाही कापूस गेला. उद्या कुणी म्हणेल, सुनेचाच पायगुण." आणि ती पुसतच राहिली.

पोरगी भारी हळवी, वामनरावांच्या मनात आलं. त्यांचा तिच्यावर जीव होता. "पण चूक आपली आहे, पोरी. सांगाच लागते." त्यांनी फोन ओढला. ऐकू कमी येत असल्याने त्यांचा स्पीकर कायम चालू असे.

"आत्ता नको, शेतात असतील ते!"

तोवर पलीकडून पियूष बोलला होता. वामनरावांनी अडखळत सगळं सांगितलं. गौरीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

मग पलीकडून मोठ्ठं हसू ऐकू आलं. "साडेसहा? लय झाले, काका! भांडणं पाहून मले तर दोनच वाटत होते."

"थट्टा नोको करू, बाबू. घरी काय सांगशीन?"

"हेच सांगीन. बुढी म्हणते, सून आल्यापासून घर हसून राह्यलं. मले दुसरी पत्रिका नाही पाह्यजे. पण तिलेही इचारा. पत्रिका तिचीबी चुकली ना."

"इचारतो. पण तिले गाठू कुठं? नाव काय ठेवलं तिचं?"

"गौरी. तुमच्यासमोरच बसली असंल. तिले सांगा, मी गाडी घेऊन खाली उभा आहो."