घरभर वाटलेला आजार

आज अंगाची खाज कुमुदच्या वाट्याला आली होती आणि सांधेदुखी लेकीच्या, मैथिलीच्या. इम्युनोथेरपी चालायची दिगंबररावांच्या फुप्फुसातल्या कॅन्सरवर, पण तिचे दुष्परिणाम मनगटावरच्या पट्ट्यांतून घरच्यांना वाटून घेता यायचे. त्यामुळे पेशंट एकदम ठणठणीत आणि बाकीचं घर आडवं!

"गाठ गेली, आई!" मैथिलीने मोबाइलवर रिपोर्ट वाचला. "फक्त ती परत येऊ नये म्हणून इंजेक्शनं अजून वर्षभर."

"अजून?" कुमुद बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

दिगंबरराव म्हणाले, "काढा ते पट्टे. दोघींनीही."

"बाबा, एकट्याला झेपलं नाही तर डॉक्टर औषधच बंद करतील!"

"बघू की."

संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगभर लाल चट्टे उठले. कुमुदचं अंग मात्र कित्येक महिन्यांनी हलकं झालं होतं. तिला नुसतं झोपून राहावंसं वाटत होतं. तरी ती उठली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्यांच्या पाठीशी बसली.

"पट्टा नाही ना बांधलास?" त्यांनी दटावलं.

"नाही हो. नुसता हात आहे."

"मग जरा वर. अजून वर."