वन्समोअर

घरचा लग्नाचा बँड सोडून उमर सॅक्सोफोनवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवू लागला, तेव्हापासून चांदभाईंनी पोराचं कौतुक करणं थांबवलं. आज जुन्नरच्या सभागृहात तो खास त्याच्यासाठी लिहून घेतलेल्या नव्या रचना एकटा वाजवत होता आणि पहिल्या रांगेतल्या अब्बांकडून त्याला एक ‘शाब्बास’ ऐकायचं होतं. वाद्य किंचाळलं, गुरगुरलं, शेवटी गळा दाबल्यासारखं घरघरलं. टाळी कुणी वाजवेना. मग पिंपळवंडीचे भिमाजी बागायतदार उठले. “भाऊ, शेवटचं पुन्हा व्हऊ द्या.” आयुष्यातला पहिला वन्समोअर. उमरनं जीव ओतला. सभागृहभर मोबाईल वर झाले. भिमाजी मंचावर आले. “लई भारी, राव. रेकॉर्ड केलंय. रात्री उसात भोंग्यावर लावतो, बिबट्या फिरकायचा नाय.” चांदभाईंनी पोराच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास.” मग भिमाजींना म्हणाले, “पायजे तर सांगा, याच्यापेक्षा वाईटबी येतं त्याला.”