पहिलीच्या हातची कॉफी

"अंड्याचा वास येतोय. न्यानच्या कॉफीला कधी यायचा नाही!" नवरा वारलेल्या पहिल्या बायकोचं नाव रोज काढायचा. शेवटी थोआ इरेला पेटली आणि हनोईभर नाव असलेल्या लुआ आजींच्या, अंड्याचा बलक फेसून घालायच्या तिथल्या खास कॉफीच्या वर्गात गेली. खांदा भरून येईस्तोवर तिने बलक घोटला, वरून थेंबभर मध सोडायला शिकली.

घरी कप पुढे ठेवताच नवऱ्याने नुसता वास घेतला. डोळे पाणावले. "अगदी न्यानच्या हातची!" एक घोटही न घेता त्याने तो कप न्यानच्या फोटोपुढे ठेवला, उदबत्ती लावली. मग रोजच.

आठवड्याने थोआ पुन्हा वर्गात हजर.

"अगं, आता काय शिकायचं राहिलं?"

"हात बसलाय, आजी. आता ही बिघडवायची कशी, तेवढं शिकवा."