पंचेचाळीसचा आडोसा

सुनेनं फळ्यावर तिसरं उदाहरण लिहिलं: तीनशे पंधरा अंश. त्याआधी एकशे पस्तीस आणि दोनशे पंचवीस झाले होते. तिन्हींचा संदर्भ कोन, म्हणजे कोनाची तिरकी बाजू अक्षाशी करते तो लघुकोन, पंचेचाळीस. मुलं खूश होती. इतकं सोपं गणित त्यांना आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

तिचा हा नमुना पाठ होता. शिक्षिकेची नोकरी मिळणार की नाही, ते या वीस मिनिटांवर ठरणार होतं. पहिल्या बाकावर मुख्याध्यापिका वही उघडून बसल्या होत्या. शेवटच्या बाकावर, कुणी बोलावलं नसताना, सासरे.

सासरे निवृत्त मोजणीदार. उभी हयात जमिनी मोजण्यात गेली, आणि मोजणीत कोन धरतात तो उत्तर-दक्षिण, म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेषेपासून. आठवडाभर सुनेची तयारी त्यांनीच करून घेतली होती. "उभ्या रेषेपासून किती झुकला ते बघायचं, बस्स," असं ते बजावायचे. पुस्तक म्हणत होतं, आडव्या रेषेपासून. पण त्यांच्यापुढे बोलायची टाप कुणाची? त्यांचा मुलगा तर चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत सटकायचा. सून "हो बाबा" म्हणत राहिली. आता आडव्यापासून मोजावं तर घरात महाभारत, उभ्यापासून मोजावं तर नोकरीवर पाणी. पंचेचाळीस तेवढा दोन्हीकडून सारखा. बिचारी त्याच्याच आडोशाला उभी होती.

"सगळे पंचेचाळीसच?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता एकशे पन्नास घ्या."

आकृती काढायला तिनं गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लावला. मग लिहिलं: तीस.

"साठ," मागून आवाज आला. वर्गातली सगळी डोकी वळली.

सुनेनं खडू खाली ठेवला. "बाबा, बांधावर साठ. फळ्यावर तीस. इथं आडव्या रेषेपासूनच मोजतात."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. "तुम्ही चुकलात" असं ती त्यांना पहिल्यांदाच सांगत होती, तेही भर वर्गात. सासरे उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. नोकरीचं राहू दे, आज घरी कुठल्या तोंडानं जायचं, तेच तिला कळेना.

सासऱ्यांनी फळ्याकडे बघत मान तिरकी केली. बोटानं हवेत एक आडवी रेघ ओढली. मग खाली बसून शेजारच्या मुलीची पेन्सिल मागून घेतली आणि हात वर केला.

"बाई, मग दोनशे दहाचा किती?"