मास्तरांचा दुसरा शब्द

"मिनिट," मास्तर म्हणाले, आणि हातातली भाजी तशीच टाकून त्यांची बायको खिडकी लावायला उठली.

अकरा महिन्यांपूर्वी मास्तरांना झटका आला. चाळीस वर्षं कापड बेतणारा उजवा हात गेला, वाचा गेली. मान हलवली तरी हो की नाही ते कळेना. मागे उरला तो एवढा एकच शब्द. तोच उरावा यात नवल नव्हतं. शिलाईच्या दुकानात दिवसातून शंभरदा तोच तोंडात असायचा. "एक मिनिट हं, काजं तेवढी राहिलीत." गिऱ्हाइकं हसायची. "मास्तरांचं मिनिट म्हणजे पुढचा शुक्रवार!"

आता त्या शब्दात मास्तरांचा सगळा दिवस मावत होता. शेवट उंच गेला की पाणी. तुटक आला की खिडकी लाव, वारं लागतंय. लांबवला की रेडिओ. पुटपुटले तर चहात आणखी साखर. लेक भेटायला आली की बघतच राहायची.

"आई, मला तर सगळं सारखंच ऐकू येतं गं."

"तू कुठे जन्मभर त्यांच्या मशीनशेजारी बसून बटणं लावलीस?"

हे म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची. मास्तर तसे अबोल. इतक्या वर्षांच्या संसारात मनातलं म्हणून कधी बोलले नाहीत. आणि आता, बोलता येत नसताना, ते तिला तळापर्यंत कळत होते. तिनं काही आणून दिलं की कधीकधी त्यांचे डोळे भरून यायचे. ती हलकेच टिपायची आणि म्हणायची, "पुरे हो, परक्यासारखं काय!"

बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिचं मात्र निराळंच.

"काकू, ओळखून द्यायची घाई नका करू. शब्द त्यांना शोधू द्या."

"अगं, कळत असताना वेड पांघरून बसू?"

पण मनातून तिलाही तेच हवं होतं. रोज सकाळी उठताना ती एवढंच मागायची, त्यांच्या तोंडून आणखी एक शब्द येऊ दे. कुठलाही.

मंगळवारी तो आला. मुलगी पुढे धरत होती तो पेला मास्तरांनी डाव्या हातानं बाजूला सारला.

"नको."

स्वच्छ, त्यांच्याच जुन्या आवाजात. मुलीनं टाळ्या वाजवल्या. हिला रडू आवरेना. लेकीला फोन गेला, शेजारी कळलं.

दुपारी मास्तर तुटकपणे म्हणाले, "मिनिट." ती खिडकीकडे गेली.

"नको."

तिचा हात कडीवरच राहिला. खिडकी तशीच उघडी ठेवून ती मागे वळली. मास्तर वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटून पडले होते. चेहरा निवलेला.

रेडिओ लावला. "नको."

चहात साखर घालायला चमचा उचलला. "नको." तिनं बिनसाखरेचा पुढे केला, तो त्यांनी तळ दिसेपर्यंत प्याला.

कप विसळताना तिनं नळ बराच वेळ चालू ठेवला.

दिवेलागणीला ती नेहमीसारखी त्यांच्या उशाशी बसली. त्यांचा डावा हात हातात घेतला. रोज याच वेळी ते अगदी हळू "मिनिट" म्हणायचे. त्याचा अर्थ तिनं कुणालाच सांगितला नव्हता, लेकीलासुद्धा नाही. त्याचा अर्थ होता, तू इथेच बस.

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलू लागले.

तिनं झटकन हात सोडवून घेतला, आणि शब्द बाहेर पडायच्या आत ती खोलीबाहेर गेली.