कमानपाटा

तरुणपणी भटकंतीसाठी पलंग, शेगडी बसवून घेतलेल्या व्हॅनचे हादरे मणक्याच्या ऑपरेशननंतर आत्मारामांना सोसेनात. म्हणून त्यांची बायको, आशालता, ती गाडी तिसऱ्यांदा चंदनसारच्या गॅरेजात घेऊन आली. शॉकअब्सॉर्बर आधीच बदलले होते. या खेपेला मेस्त्रीने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानपाट्यांतला एकेक पाटा काढला. “काकी, याहून मऊ केली तर वळणावर गाडी कलंडेल,” तो म्हणाला. परतताना प्रत्येक खड्डा तिने जपून घेतला. “आता मस्त चालते गं,” मागच्या पलंगावरून आत्माराम म्हणाले. आरशात दिसलं, डोळे मिटून त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली होती. राजोडीला समुद्रकाठी सुरूच्या झाडांच्या सावलीत गाडी थांबवून ती त्यांच्याशेजारी आडवी झाली. “थांबलीस का?” त्यांनी विचारलं. “फार दमले हो. दुखतंय तर दुखतंय म्हणत जा.” पलंगाची कड सोडत ते म्हणाले, “खूप दुखतंय, आशा.”