मनगटावरचा पट्टा

“स्क्रीनवर आजोबा पलंगावरच दिसताहेत, ताई,” वृद्धाश्रमातली नर्स सांगतच होती, आणि बाबा सकाळपासून न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पडून होते. भेटायला आलेल्या लेकीनेच दार ढकललं, तेव्हा सापडले. त्यांची जागा स्क्रीनवर दाखवणारा मनगटावरचा पट्टा अंगाखाली दबला होता. स्ट्रेचरमागून व्यवस्थापक धावत आला. “मॅडम, पट्ट्यातली चिप रेडिओलहरींवर चालते. फ्रिक्वेन्सी जास्त ठेवली, की लांबून वाचता येते. पण ती लहर पाणी आणि माणसाचं अंग भेदत नाही. मग स्क्रीनवर शेवटचीच जागा दिसत राहते.” लेक कडाडली, “चादरी हरवू नयेत म्हणून त्यांनाही हीच चिप शिवलीत ना तुम्ही? अहो, चादर ओ देत नाही, माझे बाबा देतात! दाराशी येऊन एक हाक मारायला कोणती फ्रिक्वेन्सी लागते हो?” स्ट्रेचरवर बाबांचे कोरडे ओठ हलले, “ओ द्यायला मी जागाच होतो गं.”